आलेप्पी, व्हाया रामेश्वर

आमच्या चिंचवडात नवराबायकोने मिळून गाव सोडायची चार कारणे मान्य आहेत: लग्न, मयत, बाळंतपण आणि देव. पाचवे कारण सांगणाऱ्या माणसाकडे लोक काळजीने पाहतात आणि मग त्याच्या घरच्यांना बाजूला घेऊन विचारतात, "बरा आहे ना?" हे मला ठाऊक होते. तरीही गेल्या माघात मी बायकोला घेऊन आलेप्पीला फिरायला जायचे ठरवले. पुढे जे झाले त्यात माझा दोष फार थोडा आहे, आणि तो किती थोडा आहे हे कळावे म्हणूनच हे सगळे सांगतो.

आलेप्पी हे मलबाराच्याही खालचे जुने शहर. तिथे भर बाजारातून कालवे वाहतात आणि आपण बैलगाडीत माल घालतो तसा लोक होडीत घालतात. हे ज्ञान मला भूगोलातून झालेले नाही. पिंपरीच्या ज्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो, तिथे काथ्याची पायपुसणी आलेप्पीहून येतात. त्या व्यापाऱ्याने एका वर्षी गठ्ठ्यात एक कॅलेंडर घालून पाठवले. चित्रात कालवा, कालव्यावर कमानीचा पूल, दोन्ही काठांना माड आणि मधोमध एक होडी. होडीत एक जोडपे, बाईच्या हातात रंगीत छत्री. नावाडी पाठमोरा काढला होता, म्हणजे असून नसल्यासारखा. चित्रात एकही देव नाही म्हणून साहेबांनी ते मला देऊन टाकले आणि माझ्या बायकोने, शालनने, ते चुलीच्या वर खिळ्याला लावले. वर्ष संपले, तारखा संपल्या, पण चित्र काही तिथून हलले नाही.

आमच्या दोन खोल्यांत माझे दोन भाऊ, एक आतेभाऊ आणि कऱ्हाडकडचा, नाते अजून नक्की न ठरलेला एक माणूस राहतो. सगळे कारखान्यात चिकटायला आलेले. ज्याला नोकरी लागते तो जागा सोडण्याऐवजी गावाकडून आणखी एकाला बोलावून घेतो. सगळ्यांच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे घरात केव्हाही एक माणूस झोपलेला आणि एक भुकेला असतो.

अशाच एका संध्याकाळी भाकरी थापता थापता शालन मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी तुमच्याशी एक सबंध वाक्य बोललेली नाही. अर्धं होतं की कुणीतरी चहा मागतं."

ही अतिशयोक्ती आहे असे मी म्हणणार होतो, तेवढ्यात आतेभावाने बाहेरून चहा मागितला.

चहा झाल्यावर ती कॅलेंडराकडे बघत म्हणाली, "मला दागिना नको, काही नको. एकदा त्या होडीत बसायचंय. आपण दोघंच, तासभर. मग आयुष्यभर ह्यांचे चहा करीन."

मी शब्द दिला. शालनने मोरपंखी रंगाचे पातळ घेतले आणि मी पुण्याला जाऊन लक्ष्मी रोडवरून तांबड्या फुलांची पिवळी छत्री आणली. ती उघडायला घरात जागा नव्हती, म्हणून आम्ही ती मिटूनच पाहिली.

अडचण रजेची होती. आमचे साहेब माणूस देवभोळा आणि चौकस. त्यांनी विचारले, "रजा कशाला? मंडळी आजारी आहे?"

"नाही साहेब."

"मग कुणाचं लग्नकार्य?"

"नाही."

"मग नवराबायको मिळून जाताय कुठं?"

"फिरायला" हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण समोर साहेब, शेजारी हेडक्लार्क, दारात शिपाई, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहताहेत. अशा वेळी आपल्याला बायकोबरोबर होडीत बसायचे आहे असे सांगायला जे धैर्य लागते ते आमच्या घराण्यात नाही. माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले, "रामेश्वरला."

साहेब खुर्चीतून उठले, त्यांनी हात जोडले आणि रजा मागितली त्याहून जास्त दिली. "या वयात ही बुद्धी होते, धन्य आहे तुमची," म्हणाले, आणि देवाला वाहायला एक नारळ दिला. तो पहिला नारळ.

बातमी कंपनीच्या बसने माझ्या आधी घरी पोचली. मी पोचलो तेव्हा ओट्यावर उद्धवराव बसले होते. उद्धवराव रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून रिटायर झालेले. हिंदुस्थानातल्या कोणत्याही स्टेशनला कसे जाऊ नये हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी मला मद्रासमार्गे रामेश्वर करून परत आणले तेव्हा माझे बूटसुद्धा निघाले नव्हते.

"आम्ही आलेप्पीवरून जाणार आहोत," मी म्हणालो.

"रामेश्वरला जायला आलेप्पी लागत नाही," उद्धवराव म्हणाले.

एक खोटे बोलले की दुसरे सोपे जाते. मी म्हणालो, "तिथं एक जलतीर्थ आहे. ते करून मग रामेश्वर करायचं असतं."

आपल्याला ठाऊक नसलेले तीर्थ किंवा जंक्शन अस्तित्वात आहे हे उद्धवरावांना सहन होत नाही. ते जमलेल्या मंडळींकडे वळून म्हणाले, "आहे. फार जागृत आहे."

या वाक्याने माझा घात केला. कारण मंडळींत आमच्या घरमालकीण कौशल्याबाई होत्या. जुन्या गावठाणातल्या, नवऱ्यामागे एकटीने जमीन आणि भाडेकरू दोन्ही कसणाऱ्या. नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्या म्हणाल्या, "मी बी येते. वडीलधारं मानूस न घेता जोडप्यानं तीर्थाला जाऊ न्हाई. पुण्य लागत न्हाई त्याला."

मी आत पाहिले. शालन चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिने वळून पाहिले नाही, आणि घरमालकिणीला नाही म्हणायला मी काही वेडा नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून नारळ येऊ लागले. यात्रेला निघालेल्या माणसाच्या हाती आपला नारळ धाडला की घरबसल्या यात्रा घडते, अशी आमच्याकडे समजूत आहे, आणि घरबसल्या होणारी गोष्ट चिंचवडकर सोडत नाहीत. बघता बघता पोते भरले. ज्या मुलखात माडाखाली उभे राहायला भीती वाटते, तिथे मी चिंचवडहून नारळांचे पोते घेऊन निघालो होतो.

त्या पोत्याला दोरी घ्यायला मी बाजारात इब्राहिमभाईंच्या दुकानात गेलो. काथ्या, दोरखंड, सुतळी असा त्यांचा माल. खरी कहाणी मी फक्त त्यांनाच सांगितली. दोरी मापता मापता ते म्हणाले, "भाऊ, वहिनींना होडीत बसवायचं ना? मग पवनेत काय कमी हाय? घाटावर भैरूची होडी हाय. दुपारी सगळं सामसूम असतं. मी सांगतो त्याला."

मला राग आला. ज्या होडीतून थेरगावच्या शेळ्या अलीकडे येतात, तिच्यात मी मोरपंखी पातळ नेसलेल्या माझ्या बायकोला बसवू? मी दोरी घेतली आणि पैसे टाकून निघालो.

प्रवासाचे वर्णन मी करत नाही. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कौशल्याबाई खिडकीशी, मग पोते, मग शालन, मग अनोळखी लोक आणि मग मी, असे आम्ही मद्रासला आणि तिथून खाली एर्नाकुलमला गेलो. डोळ्यांना ऊन चालत नाही म्हणून पिवळी छत्री दौंडलाच कौशल्याबाईंच्या हातात गेली. त्या ती डब्यातसुद्धा उघडून बसत.

एर्नाकुलमहून मोटारीने आलेप्पी. चित्रात जे होते ते सगळे तिथे होते. कालवा होता, कमानीचा पूल होता, माड तर हवे तेवढे होते. चित्रात वास नव्हता. काथ्या काढायला नारळाची सालपटे पाण्यात कुजत घालतात, आणि तो वास खोबऱ्याच्या वासात मिसळून सबंध शहरावर बसलेला असतो. मी नाकाला रुमाल लावला. शालनने लावला नाही. ती पुलावर उभी राहून खाली जाणाऱ्या होड्या बघत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की तसा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. खरे सांगायचे तर लग्नात अंतरपाट होता आणि मग धूर.

"तस्संच आहे," ती हळूच म्हणाली.

मी ठरवले की प्राण गेला तरी बेहत्तर, हिला होडीत बसवायचे, आणि दोघांनीच बसायचे. दुपारी जेवून कौशल्याबाई धर्मशाळेत आडव्या झाल्या. मी खुणा करकरून एक नावाडी ठरवला. दोन बोटे दाखवली, शालनकडे आणि माझ्याकडे बोट केले. तो हसला. त्याला ती गोष्ट सगळ्या भाषांत समजत असावी. शालन मोरपंखी पातळ नेसून आली. छत्री मात्र कौशल्याबाईंच्या उशाशी होती, आणि छत्रीशिवाय चित्र पुरे होत नव्हते. मी पाय न वाजवता आत गेलो आणि छत्री उचलली.

"चला, मी जागीच हाय," कौशल्याबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "तीर्थावर आल्यावर कुनी झोपतं व्हय? पोतं घे."

नावाड्याने आम्हा तिघांना पाहिले, मग पोत्याला पाहिले आणि अंदाज घेऊन बसवले. होडी लांब आणि अरुंद. कौशल्याबाई वजनदार, म्हणून त्या मध्ये; त्यांच्या पुढ्यात पोते. तोल साधायला एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला शालन. मधली जागा पिवळ्या छत्रीने पूर्ण भरली होती. मला माझी बायको दिसत नव्हती. तिच्या पातळाचा काठ तेवढा कधी कधी दिसे.

होडी सुटली. पुलाखालून जाताना थोडा गारवा आला. छत्रीपलीकडून शालन काहीतरी बोलली. बरेच लांबलचक बोलली.

"काय?" मी ओरडलो.

कौशल्याबाईंनी मान वळवली. "ती इचारती, बरं वाटतंय का."

"वाटतंय म्हणावं."

"वाटतंय म्हनतो," कौशल्याबाईंनी तिकडे कळवले. तिकडून पुन्हा काही आले नाही.

मग त्या तीर्थाच्या कामाला लागल्या. आमच्याकडे नदीची ओटी भरतात. कालव्याची भरतात का, हा प्रश्न विचारण्याची सोय मी स्वतःच बुडवली होती. कौशल्याबाईंनी पिशवीतून खण काढला, हळदकुंकू काढले आणि पोत्यातला नारळ पाण्यात सोडला. समोरून मालाची होडी येत होती. तिच्यातल्या माणसाने बांबूने तो नारळ ओढला, लुंगीला पुसला आणि आमचा पडला असे समजून आदराने परत दिला. कौशल्याबाईंनी पुन्हा सोडला. आता काठावरच्या एका गृहस्थाने पाण्यात उतरून आणून दिला. या शहराइतकी प्रामाणिक माणसे मी कुठे पाहिली नाहीत. आम्ही नारळ सोडत होतो आणि आलेप्पी ते परत करत होती. दोन्ही काठांना गर्दी जमली. आम्ही नारळ विकायला आलो आहोत, असे कोणाला तरी वाटले असावे. एकाने हातात घेऊन हलवून पाहिला आणि तोंड वाकडे करून परत ठेवला. चिंचवडचा नारळ त्याला पसंत पडला नाही.

"भाऊ, तू उभं ऱ्हा आन् लांब फेक," कौशल्याबाई म्हणाल्या.

मी उभा राहिलो. नावाडी ओरडला ते मला समजले नाही, पण का ओरडला ते लगेच समजले. कालव्याचे पाणी छातीपर्यंत होते आणि त्यात सालपटे होती. मला वर काढले, पण माझ्या अंगाचा तो वास पुढे मदुरेपर्यंत टिकला.

"झालं तुझं तीर्थस्नान," कौशल्याबाई म्हणाल्या. "आता जोडीदारनीचं ऱ्हायलं. उतर गं."

"मला नको," शालन म्हणाली. एवढे मात्र मला स्पष्ट ऐकू आले.

नावाड्याने होडी काठाला लावली. आता काय झाले आहे ते त्यालाही कळले होते. आम्ही उतरताना त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेने मला माझ्या सासऱ्यांची आठवण झाली.

रामेश्वरला बाकीचे नारळ एकदाचे देवाला गेले. दर्शन झाले, समुद्रस्नान झाले. मग कौशल्याबाईंनी आम्हाला वाळूत ओळीने उभे केले. तीर्थावर येऊन काहीतरी सोडल्याशिवाय परत जायचे नसते: एखादी भाजी, एखादे फळ, एखादी हौस. हातात पाणी घेऊन मनाशी म्हणायचे आणि जन्मभर पाळायचे. पहिल्यांदा कौशल्याबाईंनी राग सोडला आणि पाणी गळायच्या आत हमालाशी भांडल्या. मी विचार करून कारले सोडले.

"तुला कुठं आवडतं कारलं?" त्या म्हणाल्या. त्यांच्याच चाळीत राहिल्याचा हा तोटा. "नावडतं सोडून देव फसतोय व्हय? जिवाला लागंल ते सोड."

अशा रीतीने मी भरलेल्या वांग्याला मुकलो. शालनने ओंजळीत पाणी घेतले. ती बराच वेळ समुद्राकडे पाहत उभी होती. मग तिने पाणी सोडले आणि हात पुसले.

"काय सोडलंस?" मी गाडीत विचारले.

"सोडलं एक," ती म्हणाली. मला वाटले, पेरू असेल.

परत आल्यावर स्टेशनात सनई होती. यात्रेहून आलेल्याने मावंदे घालायचे असते, म्हणजे गावजेवण, आणि ते कौशल्याबाईंनी परस्पर ठरवले होते. जेवणात भरली वांगी होती. पण माझे सोडा. जेवणाआधी सगळी आळी आमच्या पाया पडायला आली. यात्रेकरूच्या पायाची धूळ घेतात. शालनपेक्षा मोठ्या बायका तिच्यापुढे वाकल्या. चार घरी धुणेभांडी करणाऱ्या छबूबाई, ज्यांनी तिला नवी नवरी म्हणून घरात घेतले होते, त्याही वाकल्या. मोरपंखी पातळ नेसलेली माझी बायको सव्वीस वर्षांची. तिला एका दुपारीत म्हातारी करून टाकले आणि ते मी बसून पाहिले. मला त्या वेळी फार वाईट वाटले.

तेवढ्यावरही थांबले नाही. जलतीर्थाचे चित्र म्हणून कौशल्याबाईंनी कॅलेंडरावर हळदकुंकू वाहिले. आता त्या जोडप्याच्या तोंडावर कुंकू आहे आणि चित्र देवांजवळ आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे पुण्याला सिनेमाला निघालो, तर उद्धवरावांनी रस्त्यात अडवले. "तुम्ही आता यात्रा करून आलेले लोक," ते म्हणाले. "लोकांनी कुणाकडे बघायचं?" आम्ही परत फिरलो. शिवाय कौशल्याबाईंनी रामेश्वरची वाळू आणली आहे. ती काशीला नेऊन गंगेत घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणतात. डबा आमच्याच फळीवर ठेवला आहे.

शालन काही बोलत नसे. ती चहा करत होती. पूर्वी ती निदान अर्धी वाक्ये बोलायची. आता तीही थांबली. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मात्र माझी मान खाली गेली आणि मी इब्राहिमभाईंच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. ते सुतळी गुंडाळत होते. "रविवारी, जेवणं झाल्यावर," एवढेच म्हणाले. "भैरूला तोंड तिकडं करून वल्हव म्हणून सांगतो."

रविवारी भावांना मी बाजारात पिटाळले. कऱ्हाडकडचा माणूस झोपला होता. छत्री कौशल्याबाईंकडून "दुरुस्तीला द्यायची आहे" म्हणून मिळवली. शालनला म्हटले, मोरयाच्या दर्शनाला चल. दर्शन झाल्यावर तिला घाटाच्या पायऱ्यांवरून खाली नेले. पवना संथ होती. पलीकडे थेरगावची झाडे, अलीकडे एकही माणूस नाही. भैरूने होडी धुऊन त्यात घोंगडी अंथरली होती आणि सांगितल्याप्रमाणे तो पाठमोरा बसला होता. मी छत्री उघडून शालनच्या हातात दिली.

तिने होडीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले, आणि मला वाटले, जमले. मी होडीत एक पाय ठेवला आणि तिच्यासाठी हात पुढे केला.

"मला नाही बसता येणार," ती म्हणाली.

"का?"

"मी होडी सोडलीय."

मी तसाच उभा राहिलो, एक पाय होडीत आणि एक पायरीवर.

"रामेश्वरला," ती म्हणाली. "जिवाला लागेल ते सोड म्हणाल्या ना त्या. म्हटलं, हेच सोडावं. म्हणजे पुन्हा वाट बघायला नको."

तीर्थावर सोडलेले परत घेता येत नाही. खुद्द मी त्या दिवसापासून वांगे खाल्लेले नाही, मग तिला काय सांगणार? मी पाय काढून घेतला. आम्ही दोघे पायरीवर बसलो. तेवढ्यात वरून आवाज आला, "होडी रिकामी हाय व्हय?" कौशल्याबाई होत्या. थेरगावला त्यांची बहीण आहे. त्या पायऱ्या उतरून आल्या, ऊन लागते म्हणून शालनच्या हातातली छत्री त्यांनी घेतली आणि घोंगडीवर बसल्या. भैरूने मागे वळून न पाहता वल्हे मारले. त्याला तसेच सांगितले होते.

आता घाटावर खरोखरच आम्ही दोघे होतो. चहा मागायला कोणी नव्हते. मी म्हणालो, "तिथं पुलाखालून जाताना तू काय म्हणाली होतीस? बरं वाटतंय का, एवढं नव्हतं ते. बरंच लांब होतं."

तिने बराच वेळ आठवून पाहिले.

"आता नाही आठवत," ती म्हणाली.

नदीच्या मधोमध पिवळी छत्री पलीकडे चालली होती, आणि पाठमोरा भैरू. शालन चुलीपाशी कॅलेंडराकडे बघायची तशी तिकडे बघत होती.

"लांबून छान दिसतं," ती म्हणाली, आणि पदर खोचून उठली. भाऊ बाजारातून यायची वेळ झाली होती.